लागला की लावला

लोकांना मऊ बसता यावं यातच माझा जन्म गेला. मी सोफे दुरुस्त करतो. बसलेल्या स्प्रिंगा काढायच्या, पट्टे ताणून ठोकायचे, त्यावर काथ्या, त्यावर फोम आणि वरून गिऱ्हाईक म्हणेल ते कापड. आणि माझ्या एकुलत्या एक मुलीनं दीक्षा घेतली. म्हणजे गादी नाही, खुर्ची नाही, पायात चप्पल नाही, जन्मभर. वर बसून कोणी हे ठरवत असेल तर त्याला चांगलाच विनोद सुचला म्हणायचं. पण आम्ही जैन. आमच्यात जग चालवणारा कोणी वर बसलेलाच नाही, तेव्हा भांडायचं तरी कुणाशी?

बायकोशी भांडावं तर ती भांडत नाही. दुकान खाली आणि घर वर. खाली दिवसभर माझी ठोकठोक आणि वर हिचं पाठांतर. रविवारी ही स्थानकात, म्हणजे आमचे साधू-साध्वी मुक्कामाला उतरतात त्या दालनात, लहान मुलांना शिकवते. खरी श्रद्धा, खरं ज्ञान आणि खरं आचरण. तिन्ही मिळून मुक्तीची वाट होते, एक सुटलं तर उरलेल्या दोन्हींचा उपयोग नाही, हे ती मुलांकडून घोकून घेते. मी एकदा म्हणालो होतो, "आपल्या घरात सगळं आहे की. श्रद्धा तुझ्याकडे, ज्ञान पोरीकडे."

"आणि आचरण?" हिनं विचारलं.

"ते कुठे स्वस्तात मिळतं का बघतो."

ही हसली नाही. पोरगी मात्र हसून लोळली होती. तेव्हा ती शाळेत होती.

तिला मी वकिलीण म्हणायचो. प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी. "मुंगी चुकून पायाखाली आली तर पाप कमी लागतं ना? मग मी चुकून अभ्यास विसरले तर बोलणी कमी का नाही बसत?" आता याला काय उत्तर देणार? आईकडे बोट दाखवून मी सरळ जिना उतरायचो. आणि या वकिलीणबाईंना सगळ्या जेवणात आवडायचं काय, तर भाताची खरवड. भात बुडाला लागला की जो तांबूस, कडक थर धरतो ना, तो. पातेलं मांडीत घ्यायचं, उलथन्यानं खरवडायचं आणि कुडुमकुडुम खात बसायचं. आमची ही भात कधी लागू द्यायची नाही, मग वकिलीण तिला बोलण्यात गुंतवायची. असले एकेक प्रश्न काढायची की आई उत्तर देता देता शेगडीकडे बघायचीच विसरायची. वास आला की पोरगी टाळ्या वाजवत सुटायची.

अशी मुलगी मोठी झाली, शिकली आणि एक दिवस म्हणाली, मला दीक्षा घ्यायची आहे. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय दीक्षा देत नाहीत. हिनं रडत रडत का होईना, हो म्हटलं. मी खूप आकांडतांडव केलं. पण नाही म्हटल्यावर पोरगी घरात राहते, तिचं हसू राहत नाही, हे काही महिने बघितलं आणि मीही मान हलवली. त्यानंतर ती गेली ती गेलीच. साध्वी पायी फिरतात, कुठे राहायचं ते त्यांच्या गुरुणी ठरवतात. वर्षानुवर्षं दूरदूरच्या गावांची नावं तेवढी कानावर यायची. हिचे गुडघे गेलेले, प्रवास झेपत नाही. म्हणजे ती येईल तेव्हाच भेट.

आणि यंदा ती आली. थोड्या दिवसांसाठी, मोठ्या साध्वींबरोबर, म्हणजे तिच्या गुरुणींबरोबर.

आम्ही स्थानकात गेलो. मुलगी फरशीवर चटई टाकून बसली होती. पांढरी वस्त्रं, तोंडावर पांढरी पट्टी, केस उपटून काढलेलं डोकं. दिसत होते ते फक्त डोळे. ही गुडघ्यांची पर्वा न करता खाली वाकली आणि स्वतःच्या लेकीला तिनं वंदन केलं. मीही वाकलो, कारण ही बघत होती.

"दया पाळा," लेक म्हणाली. वंदन केलं की ते असा आशीर्वाद देतात. मग मला म्हणाली, "श्रावकजी, तब्येत बरी आहे ना?"

श्रावकजी! जिचे लंगोट मी धुतले, जिच्या शाळेच्या दप्तराला मी रेक्झिनचे जाड कोपरे शिवून दिले, ती मला गावातल्या कुठल्याही गृहस्थासारखं श्रावकजी म्हणते. त्यांचा नियम आहे, मला माहीत आहे. नियम माहीत असला म्हणून बोचायचं ते थांबत नाही.

"बरी आहे," मी म्हणालो. "तुमची?"

पोटच्या पोरीला तुमची.

ही तिच्या पायांकडे बघत होती. टाचांना खोल भेगा पडल्या होत्या. पण तिनं पायांबद्दल अवाक्षर काढलं नाही. हात जोडून एवढंच म्हणाली, "साध्वीजी, घरी गोचरीला यावं."

"जसा अवसर," लेक म्हणाली. म्हणजे जमलं तर.

गोचरी म्हणजे साध्वींनी घरोघर फिरून थोडं थोडं अन्न घेणं. पण हे भिक्षा मागणं नव्हे, त्याला कायदे आहेत, आणि ते कायदे आमच्या हिला तोंडपाठ. अन्न साध्वींसाठी म्हणून केलेलं असलं तर चालत नाही. घरच्यांनी स्वतःसाठी शिजवलेल्यातला वाटाच घ्यायचा, म्हणजे त्यांच्या पोटासाठी वेगळा विस्तव पेटला, वेगळे जीव मेले असं व्हायला नको. एक मूठ तांदूळ त्यांच्या नावानं जास्त टाकले तरी दोष. आणि देण्याच्या वेळी घरात कोणी कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, पाण्याला हात लावला, गॅस लावला, विजेचं बटण दाबलं, तर ते घर असूझतं झालं. असूझतं म्हणजे त्या दिवसापुरतं तिथून काही घेता येत नाही. साध्वी उंबऱ्यावरून परत फिरतात.

आता लक्षात घ्या या बाईची अडचण. सगळ्या आयांना लेक घरी आली की तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. हिची लेक घरी येणार ती याच अटीवर, की आईनं तिच्यासाठी काहीही केलेलं नसावं.

"मला दुसरं काही नको हो," रात्रीची भांडी आवरताना ही म्हणाली. "माझ्या हातचा एक घास तिच्या पात्रात पडू दे. एवढंच. मग मी मरायला मोकळी."

असलं ती कधी बोलत नाही. मी काहीतरी थट्टा करणार होतो, ती गिळली आणि भांडी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. पुढे मोठ्या साध्वी, मागे आमची. जिना चढून आल्या, दोघींच्या हातांत झोळ्या, झोळीत लाकडी पात्रं. हिनं स्वयंपाक उरकल्यापासून पाण्याला हात लावला नव्हता, शेगडी कधीच बंद करून ठेवली होती. मी दारात उभा होतो, त्या इतक्या उन्हातून आल्या होत्या, लेकीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी बाप आहे. माझा हात गेला आणि मी पंख्याचं बटण दाबलं.

पंखा गरगरला. मोठ्या साध्वी उंबऱ्याशीच थबकल्या. "असूझतं झालं, श्रावकजी," त्या अगदी मायेनं म्हणाल्या आणि वळल्या. लेकही वळली. हिच्या हातातला डाव तसाच राहिला.

हिनं मला एक शब्द बोलावं, एक शिवी द्यावी! नाही. तिनं शांतपणे पंखा बंद केला आणि म्हणाली, "तुम्हाला तिचा घाम बघवला नाही, मला कळतंय." यापेक्षा शिवी परवडली असती. मी खाली जाऊन एका जुन्या खुर्चीचे खिळे उपटत बसलो, नको असलेलेही उपटले.

त्याच्या पुढच्या दिवशी त्या आमच्या गल्लीत आल्याच नाहीत, दुसरीकडे गेल्या. संध्याकाळी स्थानकात कळलं, परवा सकाळी विहार, म्हणजे पुढच्या मुक्कामाला पायी निघणं. मोठ्या साध्वींनी सांगितलं की आता फार लांब जायचं आहे, पुन्हा या बाजूला येणं कधी होईल ते सांगता येत नाही. ही ऐकत होती. तिनं आपल्या गुडघ्यांवरून नुसता हात फिरवला.

राहिला एकच दिवस.

त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. पंख्याच्या, दिव्याच्या, कशाच्याच बटणाजवळ जायचं नाही असं ठरवून आतल्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसलो. हिनं रोजच्या मापानं तांदूळ धुतले. रोजचंच माप, मी मुद्दाम बघितलं, एक दाणा जास्त नव्हता. "माझ्या वाट्याचा देईन," ती म्हणाली, "मी काय, राहीन उपाशी. म्हणजे दोष नाही." भात शिजला. वाफ जिरली. मी वाट बघतोय की ही आता गॅस बंद करेल. ही शेगडीपुढे उभी, हातात फडकं, नजर पातेल्यावर. आणि हळूहळू वास यायला लागला.

"अगं, भात लागतोय!" मी म्हणालो.

"लागू दे."

ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिच्या ओठांवर पोरगी लहान असताना असायचं तसलं काहीतरी होतं, अर्धवट हसू. मग तिनं गॅस बंद केला, हात कोरडे केले आणि म्हणाली, "भात तर आपल्यासाठीच केलाय ना? जरा उतरायला उशीर झाला, एवढंच."

"एवढंच," मी म्हणालो. मला काय, मी तर तिच्यासाठी अख्खी खानावळ पेटवली असती.

त्या आल्या. या वेळी आमची लेक पुढे होती. पायरीवर तिची पावलं वाजली तेव्हा ही झटकन उठली, इतकी झटकन की तिचे गुडघे दुखतात हे मीच विसरलो. लेकीनं आत येऊन झोळी सोडली, पात्र फरशीवर ठेवलं. नियमानं विचारायचं ते विचारलं. अन्न कुणासाठी केलं? घरच्यांसाठी. रोज एवढंच करता? रोज एवढंच. कच्चं पाणी, विस्तव, कशाला हात लागलाय? नाही. सगळं खरं होतं. मोठ्या साध्वींनी मान हलवली.

हिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. वरचा पांढरा भात बाजूला सारून उलथनं खाली घातलं आणि तळाचा तांबूस पोपडा उचलला. खोलीभर तो वास पसरला. पोपडा पात्राच्या वर आला, आणि लेकीनं पात्रावर हात आडवा धरला.

"बाई," तिनं आईला विचारलं, "भात लागला, की लावला?"

मोठ्या साध्वींनी हिच्याकडे बघितलं.

"लागला हो!" मीच बोललो. "हिचं आजकाल लक्षच नसतं कशात. रोज लागतो. कालही लागला होता." मी एका दमात तीन-चारदा खोटं बोललो असेन. धंद्यात इतकं सफाईनं कधी जमलं नव्हतं.

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती आईकडे बघत होती. पट्टीवर नुसते डोळे, आणि मला त्या डोळ्यांतलं काही वाचता येईना. एका शब्दाचा प्रश्न होता. लागला म्हण, बाई. कोणाचं काय जाणार आहे? मी मनातल्या मनात हिच्या पाया पडत होतो. लागला म्हण आणि वाढ.

"लावला," ही म्हणाली.

लेकीनं पात्र उचललं. झोळीची गाठ बांधली. "दया पाळा," असं म्हणाली, आणि दोघी जिना उतरून गेल्या. त्या दिवशी त्यांना आमच्या घरचं आता काहीच चालणार नव्हतं, वरचा पांढरा भातसुद्धा नाही.

मग मात्र माझा तोल सुटला. "काय आभाळ कोसळणार होतं? काय बिघडलं असतं? तुझ्या एका शब्दासाठी पोरगी उपाशी गेली!" मी बरंच काही बोललो. धर्माला बोललो, साध्वींना बोललो, जिन्यालाही बोललो असेन.

ही पातेल्यापाशी खाली बसली होती. "खोटं सांगून वाढलं असतं तर तिचा नियम माझ्या हातानं मोडला असता," ती म्हणाली. "तिला कळलंही नसतं. आपल्या लेकराला न कळत कोणी असं काही खायला घालतं का?" थोड्या वेळानं म्हणाली, "मला माहीत होतं, लावलेला चालत नाही. विश्वासही आहे माझा. अख्खं गाव माझ्याकडून शिकतं. पण हात काही गॅस बंद करायला जाईना. मुलांना मी काय तोंडानं शिकवू हो?"

आणि ती रडली. दीक्षेच्या दिवशीही एवढी रडली नव्हती. मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. एवढे सोफे केले, त्या वेळी तिला टेकायला द्यायला माझ्या खांद्याशिवाय घरात काही नव्हतं.

सकाळी सूर्य वर आल्यावर विहार सुरू झाला. गावातली माणसं वेशीपर्यंत पोचवायला जातात, आम्हीही गेलो. ही माझा दंड धरून चालत होती. मी नको म्हणालो होतो, रिक्षा करू म्हणालो होतो, ऐकलं नाही. शेवटची घरं संपली, गॅरेजं संपली, मोठा रस्ता लागला, तशी एकेक माणसं मांगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, ऐकून परत फिरली. आम्ही दोघंच उरलो. तेव्हा लेक थांबली. मोठ्या साध्वीही थोड्या अंतरावर थांबल्या. त्यांनीच तिला बोलायला परवानगी दिली असावी.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्याकडून दोष झाला असं तुम्हाला वाटत असेल. माझाही झाला. तो सांगून जाते."

ही एक पाऊल पुढे सरली.

"काल मी तो प्रश्न नियम म्हणून विचारला, पण मनात नियम नव्हता. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकी वर्षं वाटत होतं, ते सगळं मागे पडलं. मी विचारत होते आणि मनात म्हणत होते, 'लागला' म्हणा, 'लागला' म्हणा. तुम्ही खरं बोललात म्हणून मी वाचले." तिचा आवाज अगदी सरळ होता. "संध्याकाळी गुरुणींपुढे सगळं सांगितलं आणि त्याग घेतला. आता भात बंद. या जन्मापुरता."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

आमच्यात कोणी असा त्याग केला, उपवास केला, की ऐकणाऱ्यानं हात जोडून 'अनुमोदना' म्हणायचं असतं. म्हणजे तू जे सोडलंस त्याचा मला आनंद आहे, मी मनानं त्यात सामील आहे. साधा रिवाज आहे. लग्नात अभिनंदन म्हणतात तितक्या सहज लोक म्हणतात. हिनं आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेल.

हिनं हात जोडले. ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पण शब्द काही निघेना. लेक वाट बघत उभी होती. मोठ्या साध्वी जमिनीकडे बघत होत्या. मला ते बघवेना.

"अनुमोदना," मी म्हणालो. "आमच्या दोघांची."

लेकीनं मान किंचित झुकवली. "दया पाळा, श्रावकजी. दया पाळा, बाई." आणि दोघी निघाल्या. मागे वळून बघायचं नसतं, तिनं बघितलं नाही. भेगाळलेल्या टाचा रस्त्याच्या कडेकडेनं, जीवजंतू बघत, सावकाश लांब जात राहिल्या.

आम्ही परत फिरलो. गॅरेजं उघडत होती. कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. हिनं माझा दंड घट्ट धरला होता. जरा पुढे आल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही मघाशी म्हणालात, ते मनापासून म्हणालात?"

मी खोटं बोलणार होतो. पण कालपासून त्याचा कंटाळा आला होता.

"नाही," मी म्हणालो. "माझी पोरगी या जन्मात पुन्हा भात खाणार नाही, याचा मला कसला आनंद?"

"मग ते पोचलं नाही."

"अगं, तिला ऐकू गेलं की. झालं ना?"

"ऐकू गेलं. पोचलं नाही."

तिनं माझा दंड सोडला. पाठ फिरवली आणि आलो त्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. तिकडे आता कोणी दिसत नव्हतं. टायरवाल्या माणसानं हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघितलं. हिनं हात जोडले, डोळे मिटले. खूप वेळ ती तशी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी बघत होतो. मग अगदी स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "अनुमोदना."

मनापासून म्हणाली. इतकी वर्षं शेजारी झोपलोय, मला कळतं. तिनं नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं असतं तर मी तिला हाताला धरून घरी नेलं असतं. तिनं ते मनापासून म्हटलं, आणि मी भर रस्त्यात फुटपाथवर बसून रडलो.